माझा जीव, माझा खिसा, माझं नातं : यात सरकारचं काय काम?

आडवाट

मी लिबर्टेरियन आहे असं सांगितलं की समोरचा लगेच दोनातला एक शिक्का मारतो. एक तर हा भांडवलदारांचा वकील, नाहीतर याला कर चुकवायचाय. (कर भरायला मला आवडत नाही हे खरंच आहे. तुम्हाला आवडतं?) म्हणून एकदा नीट लिहितो, मग काय ते झोडपा.

मुद्दा एका ओळीचा आहे. दोन सज्ञान माणसं राजीखुशीने जे ठरवतात, त्यात तिसऱ्याने जबरदस्तीने घुसू नये. तिसरा गुंड असो, भाऊबंद असोत की सरकार. बहुतेकांना हे तत्त्व अर्धंच हवं असतं. काहींना सरकार शयनगृहाच्या बाहेर हवं पण कारखान्याच्या आत हवं, काहींना नेमकं उलट. मला ते दोन्हीकडे उंबऱ्याबाहेर हवंय.

अर्थकारणाबद्दल थोडक्यात. हायेक या अर्थतज्ज्ञाने १९४५ च्या एका लेखात कथलाचं उदाहरण दिलंय. जगात कुठेतरी कथिल कमी पडतं, भाव चढतो, आणि हजारो लोक कारण ठाऊक नसतानाही कथिल जपून वापरायला लागतात. कुणी फतवा काढलेला नसतो. कितीही हुशार अधिकारी बसवला तरी त्या हजारो लोकांच्या गरजा, अडचणी, पर्याय त्याच्या टेबलावर गोळा होणार नाहीत. भाव गोठवला की टंचाई जात नाही, फक्त ती कळायची बंद होते.

पण मला खरं लिहायचंय ते नात्यांबद्दल. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग. अमेरिकेतलं जोडपं, तो गोरा, ती कृष्णवर्णीय. १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि व्हर्जिनियात आपल्या गावी परतले. काही आठवड्यांनी मध्यरात्री शेरीफ माणसं घेऊन थेट त्यांच्या खोलीत. तिने भिंतीवरचा लग्नाचा दाखला दाखवला, तर उत्तर मिळालं की तो इथे चालत नाही. शिक्षा एक वर्ष कैद, पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहणार असाल तर माफ. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारा तो कायदा १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडीत काढला तेव्हा असे कायदे सोळा राज्यांत होते. जो हात परवाना देतो तोच नाकारतो. म्हणून माझं म्हणणं, लग्नाची व्याख्या, परवाना, नोंद हे सगळं सरकारने सोडून द्यावं. दोघांनी करार करावा, तो मोडला तरच कोर्टाने बघावं.

तर्कटी

लव्हिंग दांपत्याला शेवटी सोडवलं कुणी? सुप्रीम कोर्टाने, म्हणजे सरकारच्याच एका हाताने. तुम्ही गोष्टीतला खलनायक सांगितलात, पण सुटका करणारा त्याच घराण्यातला निघाला हे जरा हळू आवाजात सांगितलंत.

आणि कारखान्यातली ती राजीखुशी. कंपनी बुडाली तर भागधारकाच्या घरावर जप्ती येत नाही. ही सोय काही निसर्गाने दिलेली नाही. इंग्लंडात ती १८५५ च्या कायद्याने आली. कंपनीला कर्ज देणारा ही अट माहीत असूनच देतो, ते मान्य. पण कंपनीच्या सांडपाण्याने ज्याची विहीर नासली त्याने कुठे सही केली होती? तुमच्या मुक्त बाजारातला सगळ्यात धट्टाकट्टा पहिलवान सरकारी जन्मदाखला घेऊन आखाड्यात उतरलाय.

आडवाट

मग दाखला काढून घ्या की! मी कुठे अडवतोय? तिऱ्हाइताचं नुकसान केलं तर मर्यादित दायित्वाचा आडोसा मिळू नये, असं म्हणणारे लिबर्टेरियन पुष्कळ आहेत आणि मी त्यातलाच. कंपन्यांची वकिली मी घेतलेलीच नाही. विहीर नासवणं ही दुसऱ्याच्या मालमत्तेवरची घुसखोरीच आहे, तिची भरपाई व्हायलाच हवी.

लव्हिंगबद्दल : पाय मोडणाऱ्यानेच नंतर प्लास्टर घातलं तर त्याचे आभार मानावेत की पाय का मोडला हे विचारावं?

शब्दखुळा

अवांतर आहे, पण राहवत नाही. 'लिबर्टेरियन' हा शब्द आज ज्या अर्थाने चाललाय तो बराच नवा. त्याचं फ्रेंच रूप राजकीय अर्थाने पहिल्यांदा वापरणाऱ्यांत जोसेफ देजाक हा अराजकवादी होता, आणि तो खासगी मालमत्तेच्या विरोधात होता. १८५७ मध्ये त्याने प्रूधाँ या दुसऱ्या अराजकवादी विचारवंताला खरमरीत पत्र लिहिलं. भांडणाचं कारण काय, तर प्रूधाँ जगाला स्वातंत्र्य शिकवत होता आणि बायकांना मात्र त्यातून वगळत होता. देजाकचं म्हणणं, असा माणूस उदारमतवादी असेल, लिबर्टेरियन नव्हे. म्हणजे या शब्दाचा जन्मच घरातल्या भांडणातून झालाय.

आडवाट

वा, हे फारच कामाचं आहे. चोरतोय.

जुना वाचक

तत्त्वज्ञान ठीक आहे. मी आगीबद्दल विचारतो. २०१०, अमेरिकेतलं टेनेसी राज्य. साउथ फुल्टन नावाच्या छोट्या शहराचं अग्निशमन दल शहराबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर घेऊन सेवा देत असे. एकाने ते भरले नव्हते. घर पेटलं. बंब आधी आलाच नाही. शेजाऱ्याचे पैसे भरलेले होते, आग त्याच्या शेताकडे सरकायला लागली तेव्हा आला, शेत वाचवलं, आणि जवान घर जळताना बघत उभे राहिले. मालक म्हणत होता की आत्ता जो काय खर्च होईल तो देतो. नाही म्हणजे नाही.

हाच का तुमचा राजीखुशीचा समाज?

आडवाट

काका, हे उदाहरण माझ्या तोंडावर नेहमी मारलं जातं, म्हणून शांतपणे सांगतो. ते दल कुणाचं होतं? नगरपालिकेचं. नियम कुणाचा? नगरपालिकेचा. धंदेवाईक माणूस असता तर त्याने आधी आग विझवली असती आणि नंतर पाच-दहापट बिल पाठवलं असतं. समोर गिऱ्हाईक पाकीट उघडून उभं असताना पाठ फिरवणं हे फक्त ज्याला गिऱ्हाइकाची गरज नाही त्यालाच परवडतं.

तर्कटी

उत्तर चांगलं आहे, अर्धं. धंदेवाईक माणूस पाच-दहापटीवर का थांबेल? घर पेटलंय, दुसरा बंब नाही. तो म्हणेल, निम्मं घर माझ्या नावावर कर, मग पाणी मारतो. मालक सही करेल. बंदूक कुणीच दाखवलेली नाही, म्हणजे तुमच्या व्याख्येनुसार राजीखुशी.

समुद्रावरच्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. बुडत्या जहाजाला वाचवायला येणारा अव्वाच्या सव्वा मागू शकतो, म्हणून धोक्याच्या दडपणाखाली केलेला अन्याय्य करार रद्द करायची किंवा बदलायची सोय १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे 'हो' म्हटलं एवढं पुरत नाही, कुठल्या अवस्थेत म्हटलं हेही कुणीतरी बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे कोण, यावर तर सगळं भांडण आहे.

आडवाट

जहाजाचं मान्य. पण तुम्ही बुडत्या जहाजाचा नियम उचलून बंदरात उभ्या असलेल्या प्रत्येक होडीला लावता. 'त्याला गरज होती' एवढ्यावर करार मोडता यायला लागला तर गरजू माणसाशी कुणी करारच करणार नाही. सगळ्यात आधी तोच उघडा पडेल.

मुक्ता_२

तुम्ही म्हणता तसा करार आम्ही केला होता, हौसेने. लग्न न करता एकत्र राहायचं ठरवलं तेव्हा चार पानं लिहिली. खर्च कमाईच्या प्रमाणात. घरकाम आठवड्याला आलटून-पालटून. वेगळं झालो तर पुस्तकं ज्याची त्याला आणि मांजर माझ्याकडे. (मांजराचं कलम लिहायला एक अख्खी संध्याकाळ गेली होती.) साडेतीन वर्षं उत्तम चाललं. पैशावरून एकदाही भांडण नाही, विवाहित मैत्रिणींना हेवा वाटायचा.

मग त्याला अपघात झाला. दवाखान्याच्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण लागता?" मी ती चार पानं पुढे केली. त्याने पहिलं पान वाचलं, शेवटचं उलटून बघितलं, आणि म्हणाला, "आई-वडील, भाऊ, कुणी येतंय का?" त्याचा भाऊ, ज्याच्याशी तो सहा वर्षं बोलला नव्हता, दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि त्याने सही केली. तोवर मी बाकावर.

लग्न म्हणजे आधीच भरून ठेवलेला छापील फॉर्म असतो. वारसा, दवाखाना, पेन्शन, सगळी कलमं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली. बहुतेक माणसं मृत्युपत्रसुद्धा लिहायचं टाळतात, ती चाळीस पानांचा संसार-करार लिहिणार आहेत होय?

आडवाट

मुक्ता, वाचून वाईट वाटलं. पण हे माझ्याच बाजूने जातं. तुमच्याकडे दोघांच्या सहीचा कागद होता, तो चालला नाही, कारण सरकारने रक्ताचं आणि लग्नाचं नातं एवढंच खरं मानायचं ठरवलंय. छापील फॉर्म हवेतच, पण ते दहा जणांनी दहा तऱ्हेचे छापावेत, ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.

मुक्ता_२

आणि रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या त्या माणसाने दहा तऱ्हेच्या फॉर्मांतला हा कुठला ते ओळखावं. बरं.

तर्कटी

छापील फॉर्मसुद्धा काही पवित्र नाही हो मुक्ता. इंग्लंडात १८८२ पर्यंत सर्वसाधारण नियम असा की लग्न झालं की बायकोची मिळकत बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हाच नाही, ही सवलत तिथल्या न्यायालयाने १९९१ मध्ये काढली, अमेरिकेतल्या शेवटच्या राज्यांनी १९९३ पर्यंत. एकदा दिलेली संमती जन्मभराची, असं कलम त्या फॉर्मात होतं. हे आडवाट यांच्या पारड्यात टाकतोय, लक्षात असू द्या.

फक्त ते कलम खोडलंही कायद्यानेच.

रेवा

दोन दिवस नुसती वाचतेय. सगळे सह्या करणाऱ्या माणसांबद्दल बोलताहेत. ज्याला सहीच करता येत नाही त्याचं काय?

रॉथबार्ड हा तुमचाच लिबर्टेरियन विचारवंत तर सरळ म्हणतो की आई-बापाने मुलाला मारू नये, पण त्याला जेवू घालण्याची कायदेशीर सक्ती त्यांच्यावर नसावी. कारण सक्ती म्हणजे बळजबरी. तत्त्व शेवटपर्यंत ताणलं की ते इथे पोचतं.

आडवाट

रॉथबार्डच्या त्या पानावर मीही पुस्तक मिटलं होतं. माझं उत्तर असं : मूल स्वतःहून येत नाही, त्याला या असहाय अवस्थेत आई-बापाने आणलेलं असतं. मी तुम्हाला पाण्यात ढकललं तर बाहेर काढायची जबाबदारी माझीच. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ तर १८५९ मध्येच म्हणत होता की पोटापाण्याची आणि शिक्षणाची सोय नसताना मूल जन्माला घालणं हा नैतिक अपराध आहे, आणि शिक्षण देण्याची सक्ती राज्याने आई-बापांवर करावी. शाळा मात्र सगळ्या राज्यानेच चालवाव्यात याला त्याचा विरोध होता. मला ते पटतं.

रेवा

ठीक. मुलांचा प्रश्न सुटला म्हणू. आता उलट बाजू. माझ्या वडिलांना मी पाण्यात ढकललं नव्हतं.

त्यांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही तीन भावंडं. कुणी बैठक घेतली नाही, कुणी काही ठरवलं नाही. माझं काम घरून चालायचं आणि लग्न झालेलं नव्हतं, एवढ्यावर ते माझ्याकडे आलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. कपाटाच्या दारावर मी कागद चिकटवला होता : १०, १२, २, ४, ६. डावी, उजवी, डावी. झोपेत चूक व्हायची, म्हणून पेन दोरीने बांधून ठेवलं होतं. चार वर्षं दोन महिने.

कुणी जबरदस्ती केली का? नाही. मी संमती दिली का? मी 'हो' कधी म्हटलं तेच आठवत नाही. तुमच्या एका ओळीच्या तत्त्वात हे कुठल्या रकान्यात बसतं ते सांगा.

आडवाट

प्रश्न टाळत नाही. भावंडांनी हिशेब करून वाटा उचलायला हवा होता. तुमच्या श्रमाला किंमत आहे, ती त्यांनी फुकट धरली. पण एक विचारतो, राग मानू नका. त्यांना यायला भाग पाडणारा कायदा तुम्हाला हवा होता का?

रेवा

राग नाही. आणि तो कायदा नको होता. ओढून आणलेला माणूस मध्यरात्री दोनला कूस बदलत नाही. पैसेही ते पाठवत होते, नियमाने.

मला हवं होतं ते एवढंच की आठवड्यातून दोन रात्री एखादी प्रशिक्षित बाई यावी आणि मी झोपावं. खासगी ब्युरोला विचारलं होतं. पाठवलेले सगळे पैसे घालूनही महिन्याला चार रात्री जमायच्या.

आडवाट

म्हणजे उरलेल्या रात्री करातून. म्हणजे ज्यांनी तुमच्या वडिलांना कधी पाहिलंही नाही त्यांच्या खिशातून.

रेवा

हो. माझ्याही खिशातून. मी अकरा वर्षं कर भरतेय, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांसाठी जाणार असेल तर माझी हरकत नाही. माझी संमती लेखी हवी असेल तर ही घ्या.

जुना वाचक

_/\_

आडवाट

तुमची संमती आहे, पण जो 'माझी नाही' म्हणेल त्याचं काय, हे माझं ठरलेलं उत्तर आहे. ते बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं. पण तो कपाटावरचा कागद वाचून झाल्यावर ते टंकायला घेतलं तर तीनदा खोडलं. उद्या लिहितो.

शब्दखुळा

धागा वर आणतोय. उद्या होऊन चार दिवस झाले.