मदत हवी आहे: लेकीला पायलट व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, आम्ही उलव्याला राहतो. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून लेक गच्चीवरून हलत नाही. बारावी सायन्स झालंय, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत, अठरा पूर्ण.

वाशीच्या एका क्लासवाल्याने तासभर बसवून घेतलं. टेबलावर छोटं विमान, भिंतीवर गणवेशातले फोटो आणि शेवटी म्हणे, "आज टोकन भरा, सीट कमी आहेत." मेडिकलचं नावही नाही! मी चहा पिऊन उठले.

एवढं समजलंय: आधी स्टुडंट लायसन्स, मग हवं तर प्रायव्हेट, पण त्यावर पगार घेऊन उडवता येत नाही. नोकरीसाठी कमर्शियल, म्हणजे किमान 200 तास उड्डाण. एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे त्यावरचं एअरलाइन पायलटचं लायसन्स, त्याला 1500 तास. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) लेखी परीक्षा वेगळ्या: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन, टेक्निकल.

आता अडलंय ते असं. तिला अडीचचा चष्मा आहे. आधी क्लास 2 मेडिकल (पायलटची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी) करून, क्लास 1 (कमर्शियलसाठी लागणारी) मिळाल्यावरच फी भरावी ना? लेखी पेपर घरी बसून आधी काढले तर चालतं का? आणि बारामती किंवा गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये कुणाची मुलं शिकली असतील, तर 200 तासांना प्रत्यक्षात किती महिने गेले? पावसाळ्यात उड्डाणं रखडतात असं ऐकते. कर्जाचे हप्ते मात्र पाऊस बघून थांबत नाहीत, म्हणून विचारतेय.

क्लासच्या जाहिराती कृपया टाकू नका.