ट्रिक्सी आत्ताच घालायची की बुकवर्मवरच बसून राहायचं?

टिळकवाडीचा_टक्स

डेबियन लिनक्सची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली (आधीची १२ वी ती बुकवर्म). त्याच आठवड्यात घरच्या सर्व्हरवर घातली, पुढच्या रविवारी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या फाइल सर्व्हरवर. महिना होऊन गेला, दोन्ही गुमान चाललेत. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२, डेटाबेस पोस्टग्रेस १७, वेबसाइटवाली पीएचपी ८.४. पॅकेजं घालणारं-काढणारं ॲप्ट ३.० तर मला फारच आवडलं. काय काढणार ते लाल, काय घालणार ते हिरवं. आधी वाय दाबून मग कपाळाला हात लावायचो, तो प्रकार जरा कमी होईल.

विषय काढायचं कारण वेगळं आहे. आपण सातआठ जण मिळून बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या वाचनालयांची, मंडळांची मशिनं फुकटात सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणखी पाचपंचवीस डबे आपल्याच दारात येणार. माझं म्हणणं, नवं जुनं सगळीकडं सरळ ट्रिक्सी घालू. बुकवर्मचा पूर्ण सपोर्ट जून २०२६ पर्यंतच आहे, त्यानंतर नुसता एलटीएस, म्हणजे लांबवलेला मर्यादित सपोर्ट. मग ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पळापळ करण्यापेक्षा आत्ताच उरकू.

आणि "पहिली पॉइंट रिलीज (चुका दुरुस्त केलेली उपआवृत्ती) येऊ दे" म्हणणाऱ्यांसाठी: १३.१ पण आली. ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, आपण कपिलेश्वर तळ्यावर विसर्जनाच्या रांगेत उभे होतो तेव्हा. आता कसली वाट बघायची?

नंदगड_रोड

कसली वाट म्हणता? माझी वाट लागली ती ऐका मग.

खानापूर ओलांडून नंदगडच्या रस्त्याला एका गावात वाचनालय आहे. तिथं जुना डेस्कटॉप राउटर करून ठेवलाय, दोन नेटवर्क कार्डं, मागं सहा मशिनं. शनिवारी रात्री घरातनंच एसएसएचनं (लांबनं मशीनवर शिरायची सोय) अपग्रेड मारला. रीबूट. मशीन परत आलं, पिंग जातंय, एसएसएच लागतंय, अपडेट उतरतायत. मी खुशीत झोपलो.

रविवारी नऊला वाचनालयातल्या पोराचा फोन. "दादा, नेट नाही." मी बघालोय तर माझ्याकडनं सगळं हिरवं. म्हटलं स्विच गेला असणार, नाहीतर गेल्या वर्षीसारखी उंदरानं केबल खाल्ली असणार. रेनकोट चढवला, पिशवीत आठ पोर्टचा स्विच आणि क्रिम्पिंगची पक्कड, गाडी काढली. मलप्रभेच्या पुलावर पाऊस असला की समोरची बस दिसेना. तिथं जाऊन स्विच बदलला. नेट नाही. केबल नवी ओढली. नेट नाही. लोक पेपर वाचता वाचता माझ्याकडं बघालेत. एका आजोबांनी तर विचारलं, "बिल भरलंय का ओ?"

दीड तासानं चहा पिता पिता सहज आयपी फॉरवर्डची किंमत बघितली. शून्य. म्हणजे डब्याला स्वतःला नेट आहे, पण तो मागच्यांना पुढं सोडतच नाही. मी ती ओळ सिसकंट्रोल डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फाइलीत, लिहून ठेवली होती. ट्रिक्सीत बूट होताना ती फाइल आता वाचलीच जात नाही. सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरात वेगळी फाइल केली, तीच एक ओळ घातली, सुटलं. परत येताना अंगावर कोरडं असं काही राहिलं नव्हतं.

आता सांगा, ह्यात घाई कोणाला होती?

शहापूर_शेल

तुला होती. रिलीज नोट्सच्या (नव्या आवृत्तीबरोबरच्या सूचनांच्या) पाचव्या प्रकरणात हे स्वच्छ लिहिलंय. एक कप चहा होईपर्यंत वाचून होतं ते प्रकरण. तू दीड तास केबल ओढत बसलास.

आणि दुसरं, तू तपासलंस ते राउटरवर बसून. राउटरचं काम मागच्या मशीनवरनं तपासायचं असतं. शनिवारी रात्री वाचनालय बंद, मागं एकही मशीन चालू नाही, मग तुला कळणार कसं? रिलीजला कशाला नावं ठेवतोस?

नंदगड_रोड

वाचल्या होत्या रे नोट्स. अपग्रेड मध्येच तुटला तर नवीन एसएसएच लागत नाही, म्हणून आधी बुकवर्म पूर्ण अपडेट करून घ्या, हे वाचलं आणि केलं. काही मशिनांवर नेटवर्क कार्डाची नावं बदलू शकतात, तेही वाचलं. दोन दिवस त्याचीच भीती होती, ती नावं कुठं बदलली नाहीत. नको त्याची धास्ती घेतली आणि ही एक ओळ नजरेतनं सुटली.

माझं भांडण एवढंच. वर्षानुवर्षं चाललेली फाइल वाचायची बंद करताय ना, करा. पण ज्याच्या फाइलीत खरंच काही लिहिलंय त्याला अपग्रेडच्या वेळी कानाशी येऊन ओरडून सांगा. गल्लीतली टपालपेटी बंद केली, पण पेटी तिथंच ठेवली, तर लोक पत्रं टाकतच राहणार की.

शहापूर_शेल

पेटी नवीन जागी कैक वर्षांपासून लावलेली आहे. डॉट डी फोल्डर काय आज आलाय का? स्वतःचं वेगळ्या फाइलीत लिहायचं वळण तूच लावून घेतलं नाहीस. पण उंदराचा संशय घेतलास, त्याचं मला वाईट वाटलं.

चिकोडी_३२

तुम्ही राउटरवर भांडताय, माझ्याकडं ट्रिक्सी आतच येत नाही.

आमच्या भागातल्या एका तरुण मंडळाच्या अभ्यासिकेत चार जुनी मशिनं आहेत, देणगीत आलेली. चारीवर ३२ बिट डेबियन, म्हणजे जुन्या प्रोसेसरवरही चालणारं, आत्ता बुकवर्म. पोरं स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडतात, टायपिंग करतात, बास. ट्रिक्सीत ३२ बिटला इन्स्टॉलरही नाही, कर्नलही नाही. पॅकेजं आहेत म्हणे, पण ती ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवायला. म्हणजे आम्हाला सरळ दार बंद.

जुन्या मशिनाला डेबियन, हे आपण सगळ्यांना किती वर्षं सांगत आलोय? मी स्वतः मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंय. आता त्याच मीटिंगमध्ये जाऊन काय सांगू, नवीन घ्या म्हणून? वर्गणी गणपतीला निघते ओ, मदरबोर्डला निघत नाही. टक्स काका, तुम्ही "सगळीकडं सरळ ट्रिक्सी" म्हणालात ते टिळकवाडीत बसून म्हणालात.

टिळकवाडीचा_टक्स

टिळकवाडीतही करंट जातो हं.

पण एक विचारतो, राग मानू नका. चारीवर ३२ बिट *डेबियन* आहे हे कळलं. चारी *प्रोसेसर* ३२ बिट आहेत का? ह्या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्याकडं एके काळी रॅम कमी म्हणून, नाहीतर हाताशी तीच सीडी होती म्हणून, ६४ बिट मशिनांवरही ३२ बिट घालायची पद्धत होती. मीच घातलंय. कोअर टू ड्युओ प्रोसेसर असेल तर तो ६४ बिटच. एलएससीपीयू ही कमांड मारा, सीपीयू ऑप-मोड्स म्हणून ओळ येते, तिथं ६४ बिट दिसतंय का बघा. दिसलं तर नव्यानं ६४ बिट घालायचं, वरच्या वर अपग्रेड नाही. आधी होम फोल्डर बाहेर काढून ठेवा.

आणि डेबियननं ३२ बिटवर अन्याय केला म्हणता, तर घड्याळाचाही विचार करा. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटातला सेकंदांचा आकडा भरतो, पुढची वेळ त्यात मावत नाही. ट्रिक्सीत बाकी आर्किटेक्चरांवरची (प्रोसेसरच्या प्रकारांवरची) वेळ त्यासाठी ६४ बिटांत नेली, जुन्या ३२ बिट पीसीचं तेवढं तसंच ठेवलं, कारण त्यावरचे जुने प्रोग्रॅम मोडले असते. म्हणजे तो रस्ता पुढं बंदच होता.

पफी_पंखा

बंद कुणाचा? ओपनबीएसडी ह्या दुसऱ्या फुकट सिस्टिमनं २०१४ सालीच, ५.५ मध्ये, ३२ बिटसकट सगळीकडं वेळ ६४ बिटांत नेली. मोडायचं ते तेव्हाच मोडून, दुरुस्त करून मोकळे झाले. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ७.७ आजही ३२ बिट पीसीवर बसते. चिकोडीकरांनी मुकाट्यानं ती घालावी. नंदगडवाल्यांचा राउटर तर तिचंच काम. सिस्टमडी (डेबियनमध्ये बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) नाही, भानगड नाही.

शहापूर_शेल

आले. ह्यांना बोलवावं लागत नाही.

पंखे, दर सहा महिन्यांनी तुमची नवीन रिलीज, आणि सपोर्ट फक्त शेवटच्या दोघींना. म्हणजे वर्षातनं एकदा तरी अपग्रेड आलाच. नंदगड रोडला दर वर्षी रेनकोट घालून पाठवणार काय? डेबियन एकदा घातलं की तीन वर्षं पूर्ण, दोन वर्षं एलटीएस. फुकटची मशिनं सांभाळणाऱ्याला ही पाच वर्षं सोन्याहून महाग.

पफी_पंखा

सिसअपग्रेड ही कमांड मारायची आणि चहाला जायचं. पाच वर्षांचं साचलेलं एका रात्रीत काढायला गेलं की काय होतं ते वर वाचलंच की. दर सहा महिन्यांनी थोडं थोडं केलं की हात बसतो.

चिकोडी_३२

पंखा सर, अभ्यासिकेत मी नसताना मशीन बंद पडलं तर एखादं पोरगं यूट्यूब बघून डेबियन सुरू करतं. तुमचा मासा, म्हणजे ओपनबीएसडी, घातला तर ते कोणाला विचारणार, तुम्हाला? आणि एक जीबी रॅमवर आजचा ब्राउझर कुठल्याही सिस्टिमवर चालवून दाखवा, मग बोलू.

कॅम्प_क्रॉन

माझ्याकडनं एक भर. जुन्या अंकांचं स्कॅनिंग करणाऱ्या मशीनवर ट्रिक्सी घातली, रॅम दोन जीबी. टेसरॅक्टला (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) मराठी आणि कन्नड दोन्ही लावलेलं, कारण आमच्याकडच्या जुन्या हँडबिलांवर वरती एक लिपी, खाली दुसरी. रोज शंभरेक पानं व्हायची. अपग्रेडनंतर चाळीस पानांच्या आतच "जागा नाही". डिस्क बघतो तर अर्धी रिकामी!

झालंय असं की ट्रिक्सीत टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, आता रॅममध्ये असतो, जास्तीत जास्त निम्मी रॅम. माझी स्क्रिप्ट सगळी पानं तिथं उलगडून ठेवायची. एफोर रंगीत पान, ३०० डीपीआय, कॉम्प्रेस न करता ठेवलं तर साधारण २६ एमबी. एक जीबीला भागून बघा. टीएमपी डॉट माउंट मास्क (म्हणजे बंद) करून जुनं वागणं परत आणता येतं. मी तसं केलं नाही, स्क्रिप्टच डिस्कवरच्या व्हार-टीएमपीकडं वळवली.

पण मी टक्स सरांच्या बाजूनं. बुकवर्मवर बसलो असतो तर हेच जूनमध्ये झालं असतं, आणि तेव्हा माझ्या पोरीची ॲडमिशन असते.

निपाणी_डीटीपी

तुमचं चालू द्या. आमच्या दुकानात मालकाला ट्रिक्सी म्हणजे कुणाचं कुत्रं असं वाटलं.

खरी अडचण सांगतो. विंडोज १० संपतंय म्हणून मलाही लिनक्सवर यायचंय. पण पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, मराठीतल्या श्रीलिपीत आणि कन्नडमधल्या नुडीत. युनिकोड नव्हे, जुन्या फॉन्ट कोडिंगच्या. लिनक्सवर उघडल्या की वधूवरांची नावं सोडा, गणपतीचं नमन पण वाचता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमची तेरावी आवृत्ती आणा नाहीतर तेहतिसावी, माझ्या फाइली तिथंच. ते विंडोजचं मशीन नेटवरनं काढून कोपऱ्यात ठेवणार आहे. नव्या पत्रिका तेवढ्या युनिकोडमध्ये, नव्या मशीनवर.

टिळकवाडीचा_टक्स

निपाणीकर, हे बरोबर. नेटची वायर खरंच काढा मात्र, "तेवढा व्हॉट्सॲप वेब" म्हणून परत लावू नका.

बाकी माझं मत तेच, पण "सगळीकडं सरळ" हे शब्द मागं घेतो. आधी घरचं, मग डेस्कटॉप, राउटर सगळ्यात शेवटी आणि तिथं कोणीतरी हजर असताना. नंदगडच्या रस्त्याला पुढच्या वेळी मी येतो, मागच्या मशीनवर बसायला.

नंदगड_रोड

या. रेनकोट घेऊन या. आणि तुमच्या फाउंड्रीच्या सर्व्हरवर सिसकंट्रोलची जुनी फाइल बघितलीत का?

टिळकवाडीचा_टक्स

आत्ता बघितली. तीन ओळी होत्या. त्यातली एक का घातली होती ते आठवेना.

चिकोडी_३२

एलएससीपीयूचा निकाल: दोन कोअर टू ड्युओ, दोन्ही ६४ बिट. म्हणजे इतकी वर्षं मीच त्यांना निम्म्यावर चालवत होतो, काका, हे मीटिंगमध्ये सांगू नका. तिसरं पेंटियम ४, अस्सल ३२ बिट, ते असंही हीटरसारखं तापतंय, काढून टाकतो. चौथं ॲटम एन२७० चं नेटबुक, तेही अस्सल ३२ बिट. ते बुकवर्मवरच राहील, त्याच्यावर फक्त नोटीस बोर्ड दाखवतो, नेट लागतच नाही.

काल पहिल्या कोअर टू ड्युओवर ट्रिक्सी घातली. इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे आणि कन्नडही. मागं उभ्या राहिलेल्या चार पोरांत कुठली निवडायची यावर जुंपली. मी इंग्लिश निवडून पुढं गेलो, तर चारी मिळून माझ्यावर उलटली. दुसऱ्या मशीनला शनिवारी हात लावतो, पोरं क्लासला गेल्यावर.