चर्चा: ज्ञानकोशातला ‘फुटबॉलमधील मस्तिष्काघात’ हा लेख किती भरवशाचा?

बचावपटूची आई (मांजलपूर, बडोदा)

माझी मुलगी तेरा वर्षांची, बचावफळीत खेळते. गेल्या महिन्यात कॉर्नरला उडी मारताना समोरच्या मुलीचं डोकं हिच्या कानशिलावर आदळलं. पडली नाही, रक्त नाही, शुद्धही हरपली नाही. बाजूने आवाज आला, ‘कंई नथी थयुं, रम!’ (काही नाही झालं, खेळ!) आणि ती खेळत राहिली. पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, ‘आई, स्कोअर काय झालाय?’ मी सांगितला. बुटाची नाडी बांधली आणि मान वर करून पुन्हा तेच, ‘आई, स्कोअर काय झालाय?’ तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हाताला धरून थेट डॉक्टरांकडे नेलं. आता ती बरी आहे.

त्या रात्री मराठीत काही सापडतं का म्हणून शोधलं, तेव्हा एका ऑनलाइन ज्ञानकोशातला हा लेख मिळाला. मस्तिष्काघात म्हणजे इंग्रजीतलं कन्कशन, दणका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं. त्यात लिहिलंय, ‘संशोधनानुसार ९९ टक्के फुटबॉलपटूंना सीटीई हा मेंदूचा आजार होतो.’ सीटीई म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून मेंदूचा हळूहळू होणारा ऱ्हास. मी रात्रभर झोपले नाही. नंतर मूळ शोधायला बसले. हा आकडा २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला. त्यांनी अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई सापडला. म्हणजे तो अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. आपला नव्हे. शिवाय ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते आणि घरात विसरभोळेपणा, चिडचिड, नैराश्य दिसलेली कुटुंबं दान करायला जास्त पुढे येतात. ही मर्यादा संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. एनएफएलच्या शंभर खेळाडूंपैकी ९९ जणांना हा आजार होतो, असंसुद्धा त्यातून म्हणता येत नाही. मग मांजलपूरच्या मुलीबद्दल कसं म्हणणार? माझं मत, हे वाक्य आजच्या आज काढावं.

लेखाचा एक लेखक (प्रतापनगर)

त्या लेखाचा बराच भाग मी लिहिला आहे, म्हणून उत्तर देणं माझं काम. दोन फुटबॉलांची गल्लत झाली, मान्य. पण वाक्य काढून टाकायला माझा विरोध आहे. एनएफएलने १९९४ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि प्रमुख केला एक संधिवाततज्ज्ञ! माइक वेब्स्टर या खेळाडूच्या मेंदूत सीटीई सापडल्याचं डॉ. बेनेट ओमालू यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलं, तर त्याच समितीतल्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. ‘पुरावा अजून पुरेसा नाही’ हे पालुपद किती वर्षं चाललं! त्यामुळे कोणी ‘आकडा लागू होत नाही’ म्हणालं की मला तीच चाल दिसते. आई घाबरली म्हणून तर तिने पुढे शोधलं ना?

बचावपटूची आई

मी शोधलं, पण आमच्या सोसायटीतल्या दोघींनी मुलींचे बूट थेट भंगारात दिले. आणि तुमचा हेतू चांगला असला तरी घाबरवायला दुसऱ्या खेळाचा आकडा कशाला हवा? आपल्या फुटबॉलचा स्वतःचा पुरावा आहे. इंग्लंडचा खेळाडू जेफ ॲसल हेडिंगसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी नावाजलेला, २००२ मध्ये अवघ्या ५९ व्या वर्षी गेला. चौकशीत मृत्यूचं कारण कामातून जडलेला आजार असं नोंदलं गेलं. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची सामान्य लोकांशी तुलना केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघालं. लेखात हेडिंग हा शब्दच नाही. हे चुकीच्या आकड्याहून मोठं.

जुना गोलकीपर (दांडिया बाजार)

ताई, साडेतीन पट म्हटलं की अंगावर काटा येतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगा. या आजारांनी गेलेले खेळाडू १.७ टक्के, तुलनेच्या गटात ०.५ टक्के. हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे खेळाडूंमध्ये उलट कमी. लिहायचं तर सगळं लिहा. आणि ते आयुष्यभर पैसे घेऊन खेळलेले लोक, आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळणारी पोरं नव्हेत.

हेडिंग बंद करण्याच्या मी विरोधात आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०२० पासून बारा वर्षांखालच्यांच्या सरावात ते काढलं, ठीक. पण तेराव्या वर्षी सामन्यात पहिल्यांदा उंच चेंडू आला की डोळे मिटून डोक्याच्या मध्यावर घेणार. मान ताठ, कपाळ पुढे, हे लहानपणीच हलक्या चेंडूवर शिकवावं लागतं.

याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले. ती परंपरा असलेल्या गावात अर्धवट वाक्यांचा लेख मलाही लागतो, हे मात्र खरं.

डॉक्टर (अकोटा)

तुम्ही सगळे शेवटच्या आजाराबद्दल भांडताय. मला पहिल्या दहा मिनिटांची काळजी आहे. लेखात वाक्य आहे, ‘खेळाडू बेशुद्ध पडल्यास मस्तिष्काघात झाला असे समजावे.’ हे सगळ्यांत घातक. कन्कशन झालेल्यांपैकी शुद्ध हरपणारे दहा टक्क्यांहूनही कमी. बाकीचे उभे असतात, धावत असतात, आणि स्कोअर विचारतात. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरने धडकेनंतर रेफरीलाच विचारलं होतं, ‘हा अंतिम सामना आहे का?’ तोवर तो खेळतच होता. ३१ व्या मिनिटाला बाहेर काढला.

पुढचं वाक्य, ‘शिरस्त्राणाने धोका टळतो.’ शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचवतं. आत मेंदू हलतो, तो हलणं थांबत नाही. तिसरं, अंधाऱ्या खोलीत लक्षणं जाईपर्यंत पडून राहावं. हा सल्ला जुना झाला. २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतरची शिफारस पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, मग हळूहळू चालणं, शाळा, हलका सराव. त्याच दिवशी मैदानात परत मात्र कधीच नाही, आणि धक्काबुक्कीचा खेळ डॉक्टरांनी तपासल्यावरच. वारंवार उलट्या, वाढतं डोकं दुखणं, झटका, मान दुखणं, गुंगी वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही, असंही नव्हे. स्कॅन रक्तस्राव शोधायला असतो.

आणि ‘मस्तिष्काघात’ शब्द बदला. माझ्याकडे येणारे लोक त्याचा अर्थ स्ट्रोक घेतात.

मुलांचा प्रशिक्षक (गोत्री)

‘कंई नथी थयुं, रम’ हे मीही पन्नासदा म्हटलं असेल. वाचून वाईट वाटलं. शब्दाचं म्हणाल तर मैदानावर ‘मुका मार’ हा शब्द सगळ्यांना कळतो. वर जखम नाही, आत मार. ‘मेंदूला मुका मार’ का नाही?

डॉक्टर (अकोटा)

छान शब्द, पण मुक्या मारात आत रक्त साकळलेलं असतं. मेंदूत तसं झालं तर ते कन्कशनपेक्षा गंभीर आणि स्कॅनवर दिसणारं. ‘मेंदूला हादरा’ म्हणा.

लेखाचा एक लेखक (प्रतापनगर)

बेशुद्धीचं वाक्य आत्ता बदललं: ‘डोक्याला किंवा अंगाला जोरात दणका बसल्यावर खेळाडू गोंधळलेला दिसला, तेच तेच विचारू लागला, चालताना तोल गेला, डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं, तर मेंदूला हादरा बसला असे धरून त्याला लगेच बाहेर काढावे, शुद्ध हरपलेली असो वा नसो.’ शिरस्त्राण आणि अंधारी खोली हीही वाक्यं बदलतोय.

बोस्टनचा अभ्यास मात्र मी काढणार नाही. १११ पैकी ११० असंच लिहीन, ९९ टक्के नाही, आणि तो अमेरिकन फुटबॉलचा, दान केलेल्या मेंदूंचा आहे हे त्याच वाक्यात. ग्लासगोचे दोन्ही आकडे त्याच्याखाली.

बचावपटूची आई

त्याच वाक्यात असेल तर माझी हरकत नाही. पण क्रम उलटा करा. ग्लासगो आधी, बोस्टन नंतर. वाचणाऱ्याची मुलगी आपला फुटबॉल खेळते.

जुना गोलकीपर (दांडिया बाजार)

आणि हृदयविकाराचं वाक्य गाळू नका. मी पुन्हा येऊन बघणार आहे.