संगीताचे शहर : ग्वाल्हेरही पाहावे

संगीताने भारलेले शहर अनुभवायला कुठे जावे, या चर्चेत बनारसचे नाव पुढे आले. ते मत मला मान्य आहे; मात्र आम्हां खान्देशवासीयांना त्याहून जवळचे असलेले ग्वाल्हेर त्यात राहून गेले, याची रुखरुख वाटली. भुसावळला पंजाब मेलमध्ये बसले की गाडी न बदलता तेथे उतरता येते.

डिसेंबरातील तानसेन समारोह या संगीतमहोत्सवासाठी आम्ही गेलो होतो. सूफी संत महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात तानसेनांची समाधी अगदी साधी आहे, आणि समारोहाच्या आरंभी सकाळी तेथे सनईवादन, हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचे पठण) असे सारे एकाच जागी होते. हे ऐकताना मन भरून आले. शेजारच्या चिंचेची पाने चघळल्याने गळा गोड होतो, अशी श्रद्धा आहे. एका आजोबांनी नातीच्या तळहातावर दोन पाने ठेवली. आंबटपणाने तिचे डोळे मिटले, तरी तिने ती थुंकली नाहीत.

युनेस्कोने २०२३ मध्ये या शहराला संगीतनगरीचा मान दिला. आपल्याला मात्र त्याचे ऋण जुनेच आहे, कारण गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथली ख्यालगायकी, म्हणजे ख्याल ही शास्त्रीय गायनशैली, महाराष्ट्रात रुजवली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढून ती सामान्य घरांपर्यंत नेली.

सरोद घर हे वाद्यांचे संग्रहालयही अवश्य पाहावे. रात्रीच्या मैफली उघड्यावर असतात, तेव्हा जाड शाल सोबत हवीच.