तालुक्याच्या आर्ट्स कॉलेजातल्या पोरांबद्दल लोक बोलतात ते खरं आहे का?

पांदणरस्ता

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, आशा सेविका आहे. पोरगी यंदा कला शाखेतून बारावी झाली, ७१ टक्के. तिला तालुक्याच्या कॉलेजात बीएला जायचं आहे. इतिहास आणि मराठी घेईन म्हणते. कॉलेज लहान आहे, फक्त कला शाखा, आमच्या गावापासून १७ किलोमीटर.

घरात मात्र सगळे विरोधात. माझे भासरे म्हणतात, "तिथं कोन जाते? ज्याले काहीच जमलं नाही तो." गावात ऐकलेलं तर आणखी आहे. पोट्टे नाव घालून ठेवतात आणि पोलीस भरतीसाठी पळत राहतात. पोरी लग्न जुळेपर्यंत येतात. काही जण शिष्यवृत्तीच्या पैशासाठी. वर्गात कोणी बसत नाही, परीक्षेच्या पंधरा दिवस आधी गाईड आणतात आणि पास होतात. गृहअर्थशास्त्र म्हणजे पोळ्या लाटायचा विषय.

मी यावर विश्वास ठेवला नसता. पण गेल्या ऑक्टोबरात बैठकीसाठी तालुक्याला गेले होते. अकरा वाजता कॉलेजच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दहा-बारा पोट्टे बसलेले, आणि आत वर्गात डोकावले तर सहा-सात जण. तेव्हापासून मनात घोर लागला आहे. पोरीला अजून काही बोलले नाही.

अशा कॉलेजात शिकलेलं, काम केलेलं कोणी असेल तर खरं काय ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

खाकी_पुसद

ताई, तुम्ही म्हणता त्या पळणाऱ्या पोट्ट्यांपैकीच मी एक. आज पोलीस शिपाई आहे.

शिपायाच्या भरतीला बारावी पुरते, हे खरं आहे. तरी आम्ही बीएला नाव घातलं, कारण भरती दरवर्षी निघेलच असं नसते आणि पुढे फौजदारकीची परीक्षा द्यायची तर पदवी लागते. पहाटे पाचला १६०० मीटर, मग १०० मीटर, मग ७.२६ किलोचा गोळा. आंघोळ करून साडेआठला वर्गात. झोप यायची, खोटं कशाला बोलू. पण मैदानाचे गुण ५० आणि लेखीचे १००, आणि लेखीत मराठी व्याकरण असते. ते मला आमच्या मराठीच्या मॅडमनी तास संपल्यावर व्हरांड्यात बसवून शिकवलं. प्रयोग आणि समास मी त्या व्हरांड्यातच शिकलो.

आमच्या गटात अकरा जण होते, दोघं लागलो. उरलेल्या नऊ जणांना गावात अजून "भरतीवाले" म्हणतात, याचं मला फार वाईट वाटते. त्यातला एक कृषी केंद्र चालवतो, एक ग्रामपंचायतीत संगणक पाहतो, बाकीचे वावर करतात. सातबारावरचा फेरफार वाचून दाखवायला, तलाठ्याकडे अर्ज लिहून द्यायला गाव त्यांच्याकडंच जाते.

देवघेव_काउंटर

ताई, मी अशाच एका कला महाविद्यालयात ग्रंथालय परिचर आहे. एकोणीस वर्षं झाली. वर्गात काय चालते ते मला खिडकीतून ऐकू येते तेवढंच. पण कोणतं पोर कोणतं पुस्तक नेते, किती दिवस ठेवते, कोणत्या पानाचा कान मुडपते, ते सगळं माझ्या हातातून जाते. म्हणून लिहितो. लांबेल, पण तुम्ही पोरीचं विचारता आहात.

तुम्ही ऑक्टोबरात पाहिलं. ऑक्टोबरात तुमच्या गावात कोण घरी असते, सांगा? सोयाबीनची सोंगणी, मग थ्रेशर, आणि दसरा-दिवाळी आली की कापसाची वेचणी. माझं देवघेवीचं रजिस्टर जुलै-ऑगस्टात रोज एक पान खाते. दसऱ्यापासून एकाच पानावर चार-चार दिवसांच्या तारखा पडतात. जानेवारीत ते पुन्हा भरायला लागते. एकोणीस वर्षांची रजिस्टरं माझ्याकडं आहेत, एकही वर्ष वेगळं गेलेलं नाही.

टपरीवरची पोरं. आमच्याकडं शेवटचा तास पावणेअकराला सुटतो. त्यांच्या गावची गाडी सव्वाला. शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हापासून त्या बाजूच्या खेड्यांना एसटीशिवाय दुसरं काही उरलं नाही. अडीच तास पोरानं कुठं काढायचे? माझ्या वाचनकक्षात २४ खुर्च्या आहेत, त्यातल्या दहा पोरी धरतात आणि पोरं संकोचानं आत येत नाहीत. मीच दोन वर्षं प्राचार्यांच्या मागं लागून व्हरांड्यात चार बाकं मांडून घेतली. आता टपरीवर निम्मीच दिसतात.

आता पोरी लग्न जुळेपर्यंत येतात, त्याबद्दल. चार-पाच वर्षांपूर्वी एक मुलगी होती, दुसऱ्या वर्षाला, इतिहासवाली. महिन्यातून दोनदा यायची. हजेरीत तिचं नाव आलं की मागून कोणीतरी "लग्नाले गेली" म्हणायचं. एक दिवस काउंटरवर येऊन म्हणाली, "काका, हे पुस्तक दिवाईनंतर आनून देतो, चालन काय? वेचनं सुरू हाये." मायसोबत जायची ती. किलोला दहा रुपये, दिवसाचा पंचवीस-तीस किलो. पुस्तक पंधरा दिवसांत परत यावं असा आमचा नियम. मी ते तिच्या नावावर तीनदा पुन्हा चढवलं.

जानेवारीत पुस्तक परत आलं तेव्हा पानांत कापसाचे धागे अडकले होते. ते काढता काढता मी धडा पाहिला. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं तिथून तो सुरू होत होता. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, भाव चढले, आणि आपल्याकडची वावरंच्या वावरं पऱ्हाटीखाली गेली. त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ होती. मी रागावणार तेवढ्यात तिनं विचारलं, "काका, त्याच्या पहिले आपल्या इथं लोकं काय पेरत होते?"

एकोणीस वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तुकडीत पहिला येणाऱ्यानंही नाही. मी कपाटातून यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती असलेला सरकारी ग्रंथ, काढून दिलं. जाडजूड, इंग्रजीतलं. शब्दकोश शेजारी ठेवून ती तीन दिवस गाडी येईपर्यंत शेतीच्या प्रकरणावर बसली. ज्वारी, ज्वारी, असं पुटपुटत होती.

लग्न तिचं झालं. तिसऱ्या वर्षाच्या आधीच झालं. म्हणजे लोकांचं म्हणणं तेवढं खरं. शेवटच्या सत्राच्या परीक्षेला ती तान्हं लेकरू घेऊन आली आणि तीन तास तिची सासू बाहेर कडुनिंबाखाली ते मांडीवर घेऊन बसली. मी त्या म्हातारीला पाणी नेऊन दिलं. पास झाली पोरगी. गुणपत्रिका घ्यायलाही सासूच आली होती सोबत.

शिष्यवृत्तीचं बोलणं मला सगळ्यात जास्त लागते, कारण ते नेहमी ठरावीक घरांतल्या पोरांकडं पाहून बोललं जाते. अनुसूचित जाती-जमातीच्या शिष्यवृत्तीला घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते, ७५ टक्के हजेरी लागते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आधारला जोडलेलं खातं लागते. हे सगळं करून पैसे कधी वर्ष संपता संपता येतात. तोवर पासाचे पैसे उसने काढून ती पोरं येत असतात. पैशासाठी एवढी वाट कोणी पाहत नाही, त्याहून लवकर पैसा रोजंदारीत मिळतो.

गृहअर्थशास्त्राचं तर तुम्हाला मी काय सांगावं. आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र असा तो विषय आहे. पोरींच्या अंगात रक्त का कमी असते, सहा महिन्यांच्या लेकराला वरचं काय द्यायचं, हे तुम्ही दारोदार सांगता तेच त्या पुस्तकांत आहे.

गाईडाचं मात्र खरं आहे. परीक्षेच्या आधी पोरं माझ्याकडं "अपेक्षित प्रश्न" मागतात आणि मूळ पुस्तक हातात दिलं तर परत सरकवतात. याचा दोष मी पोरांनाच देत नाही. आमची चांगली पुस्तकं कित्येक वर्षं कुलपात होती, हरवतील म्हणून. कुलपातलं पुस्तक पोरानं मागायचं तरी कसं, त्याला ते आहे हेच ठाऊक नाही. आता एक कपाट उघडं ठेवलं आहे. तीन वर्षांत त्यातून चार पुस्तकं गेली. गेली तर गेली, कोणाच्या तरी घरात असतील.

दुसरं_वर्ष

काकांनी लिहिलं ते पटते, पण सगळं पऱ्हाटीवर ढकलू नये. मी स्वतः आर्ट्सला आहे, दुसऱ्या वर्षाला. आमच्या वर्गात येऊ शकतात अशीही पुष्कळ पोरं येत नाहीत. कारण आलं तरी तास होईल याची खात्री नसते. एका विषयाला कायमचे सर नाहीत. तासिका तत्त्वावरचे सर गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आले. तोवर दीड महिना आम्ही पावसात भिजत जाऊन परत यायचो. तिसऱ्या आठवड्यानंतर अर्धा वर्ग घरीच राहायला लागला, आणि लोकांनी म्हटलं, आर्ट्सची पोरं, यांना शिकायचंच नाही.

ताई, एक माहिती. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला आहे. तीन वर्षांनी बीए मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एक मुख्य विषय, एक दुय्यम, आणि एक खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या शाखेतला घ्यायचा. कागदावर हे फार चांगलं आहे, मला स्वतःला भूगर्भातल्या पाण्याबद्दल शिकायचं होतं. पण ज्या कॉलेजात एकच शाखा आहे तिथं दुसऱ्या शाखेचं शिकवणार कोण? जे शिक्षक आहेत त्यांना जमेल तेच मिळते. म्हणून प्रवेशाच्या आधी इतिहासाला आणि मराठीला कायमचे प्राध्यापक आहेत का, हे नक्की विचारा. पोरं कशी आहेत ते नंतर विचारा.

आणि डिसेंबर-जानेवारीतलं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर तिला चुकवू देऊ नका. मागच्या वर्षी आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून. वर्गात कधी न दिसणारी पोरं तिथं सगळ्यात पुढं होती. पोतं कसं लावलं तर वाहून जाणार नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. रात्रीच्या चर्चेत त्यातलाच एक जण पंधरा मिनिटं बोलला, विहिरींच्या पाण्यावर. आमचे सर वहीत लिहून घेत होते.

जुना_नागपूर_पदवीधर

मी १९८१ चा बीए. माझ्या गुणपत्रिकेवर नागपूर विद्यापीठ आहे, कारण अमरावतीचं विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. तेव्हाही आम्हाला हेच म्हणत. फक्त पोलीस भरतीच्या जागी "मास्तरकी" म्हणत. माझे वडील सालदार होते. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्यांच्या, कष्टकऱ्यांच्या लेकरांसाठी, आणि तशाच विचाराच्या एका कॉलेजानं मला दारातून परत पाठवलं नाही. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. बाई, पोरीला पाठवा.

पांदणरस्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री पोरीला हे सगळं वाचून दाखवलं. कापसाच्या धाग्यांचं आलं तेव्हा ती उठून चुलीकडं गेली, पुढचं तिथूनच ऐकलं. आम्हीही दोघी वेचायला जातो दिवाळीनंतर. ऑक्टोबरात माझ्या घरातलं पोर कुठं असते हे मला ठाऊक असून मी त्या वर्गात डोकावून दुसऱ्यांच्या पोरांबद्दल तसा विचार केला, याची मला लाज वाटली.

पासाचं विचारलं. बारावीपर्यंत तिला मोफत होता, आता पैसे लागतील. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, पण विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडते, तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शात. तेवढं माझ्या मानधनातून निघेल. भासऱ्यांना मी सांगेन.

बुधवारी दोघी जातो आहोत. प्राध्यापकांचं विचारणार, आणि ग्रंथालय पाहायचं आहे असंही म्हणणार. देवघेव काका, पोरगी विचारते, ते गॅझेटिअर मराठीत मिळते काय?

देवघेव_काउंटर

माझ्याकडची प्रत इंग्रजीच आहे, बाळा. शब्दकोश लागेल. शेतीचं प्रकरण आधी काढ, तिथले निम्मे शब्द तुला घरचेच निघतील. तुझ्या कॉलेजात गॅझेटिअर नसलं तर इथं लिही, मी त्या प्रकरणाची झेरॉक्स काढून एसटीच्या पार्सलनं पाठवतो.