महत्तम म्हणजे नेमकं किती मोठं?

बेळगावहून :
पुतणी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. घरी मी मराठीत समजावतो. परवा क्ष³ − ६क्ष² + ९क्ष + १ ही बहुपदी घेतली. अवकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चढ-उताराचा दर; चढ असेल तर धन, उतार असेल तर ऋण) ३(क्ष − १)(क्ष − ३), तो १ ला आणि ३ ला शून्य. १ च्या अलीकडे धन, पलीकडे ऋण. म्हणून १ ला महत्तम, किंमत ५. तर म्हणाली, "काका, क्षच्या जागी ५ घालून बघा की, २१ येतंय. मग हे कसलं महत्तम?" शब्द चुकतोय का माझा?

खानापूरहून :
पोरीचं बरोबर आहे. 'तम' लागला की सगळ्यांत मोठा, एकच. हा शब्द पोरांना पहिल्यांदा मसावित भेटतो आणि तिथं तो खरा असतो : १२ आणि १८ चा मसावि ६, विषय संपला. इथं अर्थ एवढाच की शेजाऱ्यांपेक्षा मोठा. पुस्तकात 'स्थानिक महत्तम' असतं, बोलताना आपण नेमकं 'स्थानिक' गाळतो. (सीमाभागात हा शब्द गाळून कसं चालेल!) मी 'माथा' आणि 'खळगा' म्हणतो. एका वाटेवर माथे चार असले तरी कुणी भांडत नाही. तुमच्या बहुपदीत १ ला माथा, ३ ला खळगा, मधे उतार. तो २ ला सगळ्यांत खडा. ३ नंतर मात्र चढच चढ.

निपाणीहून :
माथा-खळगा झकास. पण नुसत्या क्ष³ चं काय? अवकलज ३क्ष², ० ला शून्य होतो, पण ना माथा ना खळगा.

खानापूरहून :
राजहंसगड चढताना समजा पाऊलभर सपाट लागलं आणि पुढं परत चढच. तिथं माथा आला म्हणून कुणी शिदोरी सोडत नाही. अवकलज शून्य झाला की आधी नुसतं 'सपाट' म्हणा. माथा की खळगा, ते दोन्हीकडचं चिन्ह बघून.

बेळगावहून :
सांगितलं. म्हणते, "पेपरात माथा लिहिला तर मार्क कोण देणार?" लिहूलीय 'लोकल मॅक्झिमम'च. पण ५ आलं म्हणून थांबत नाही आता, पुढची किंमत काढून बघूलीय.