शब्दचर्चा : ‘गव्हर्नन्स’ म्हणजे सुशासन की कारभार?

मूळ प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतील उद्योगांचे नेतृत्व आणि त्यांची नैतिक बांधिलकी या विषयावर व्यवस्थापनशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी मी एक दीर्घ टिपण लिहीत आहे. त्याचा गाभा म्हणजे तेथील ‘किंग अहवाल’. निवृत्त न्यायमूर्ती मर्विन किंग यांच्या अध्यक्षतेखाली १९९३ मध्ये कंपन्यांच्या गव्हर्नन्सविषयी एक समिती नेमली गेली आणि १९९४, २००२, २००९ व २०१६ या वर्षी तिच्या संहितेची पहिली चार रूपे प्रसिद्ध झाली. चौथ्या अहवालात ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ची जी व्याख्या आहे तिचा आशय असा, की संस्थेच्या सर्वोच्च मंडळाने नैतिक आणि परिणामकारक नेतृत्व करावे, आणि त्यातून नैतिक संस्कृती, चांगली कामगिरी, परिणामकारक नियंत्रण आणि ‘लेजिटिमसी’ या चार गोष्टी साधाव्यात.

मी आधी ‘नैतिक सुशासन’ असे लिहिले होते, परंतु वाचताना ते साखरेवर गूळ ठेवल्यासारखे वाटले. शासकीय परिभाषेच्या वळणाचा ‘अभिशासन’ हा शब्द अचूक असेलही, पण तो वाचून विद्यार्थी पान उलटतील. ‘अकाउंटेबिलिटी’ आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हे शब्द तर अहवालात शेजारी शेजारी येतात आणि माझ्याकडे दोन्हींसाठी ‘जबाबदारी’ एवढाच शब्द आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

‘सुशासन’ येथे दोन कारणांनी अडतो. ‘शास्’ या धातूत शिकवणे, आज्ञा करणे आणि दंड करणे हे तिन्ही अर्थ आहेत. मराठीत एखाद्याला शासन करणे म्हणजे शिक्षा करणे, आणि ‘महाराष्ट्र शासन’ म्हणजे सरकार. त्यामुळे कंपनीच्या संदर्भात ‘शासन’ म्हटले, की सरकारने कंपनीवर ठेवलेला अंकुश डोळ्यांसमोर येतो. येथे तर कंपनीने स्वतःला कसे चालवावे हा प्रश्न आहे. मूळ ग्रीक धातूचा अर्थ जहाजाचे सुकाणू धरणे असा आहे आणि त्यात दंडाचा वास नाही.

दुसरी अडचण ‘सु’ची. गव्हर्नन्स चांगला असू शकतो तसा वाईटही असू शकतो. ‘सु’ हा उपसर्ग आधीच प्रशस्तिपत्र देऊन मोकळा होतो, मग ‘वाईट सुशासन’ असे म्हणण्याची सोयच राहत नाही. दक्षिण आफ्रिकेविषयी लिहिताना तर ही सोय हवीच. चौथा किंग अहवाल १ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, सार्वजनिक संरक्षक (सरकारी गैरकारभाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र अधिकारी) थुली मडोन्सेला यांनी पदावरून उतरण्यापूर्वी पूर्ण केलेला अहवाल जनतेसमोर आला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा, मूळचे सहारनपूरचे असलेले उद्योजक गुप्ता बंधू आणि एस्कॉम ही सरकारी वीज कंपनी यांच्या संबंधांविषयीचा तो अहवाल होता. आदल्या दिवशी आदर्श आणि दुसऱ्या दिवशी वस्तुस्थिती, अशी ही दोन कागदपत्रे ज्या एका शब्दाने बोलता येतील तो शब्द ‘सुशासन’ नव्हे.

माझा कौल ‘कारभार’ या शब्दाला आहे. तो फारसीतील ‘कार-ओ-बार’वरून आला असे मानले जाते, हिंदीत ‘कारोबार’ म्हणजे धंदा एवढाच अर्थ उरला, मराठीत मात्र तो शब्द राज्य, गाव, संस्थान आणि घर यांच्या चालवण्यापर्यंत पोहोचला. धंदा आणि राज्य या दोन्ही टोकांना स्पर्श करणारा शब्द आपल्याकडे असताना नवा घडवण्याचे कारण मला दिसत नाही. त्याला विशेषणे सहज जोडता येतात : चोख कारभार, भोंगळ कारभार, नैतिक कारभार.

येथे थोडे विषयांतर करतो. संचालक मंडळाच्या भूमिकेविषयी मर्विन किंग यांची एक मांडणी आहे, की कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली असमर्थ व्यक्ती आहे. तिला स्वतःचे मन, हृदय किंवा विवेक नसतो, म्हणून संचालकांनी तिचे पालक होऊन ते पुरवायचे असते. हे वाचल्यावर मला पुण्याचे बारभाई आठवले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने, राघोबादादांच्या विरोधात उभे राहून, मुत्सद्द्यांच्या मंडळाने पेशवाई चालवली. ज्याला अजून बोलताही येत नाही अशाच्या नावाने, त्याच्या हितासाठी कारभार करणारे ते मंडळ होते. त्यांनी राज्य सावरले, तरीही ‘बारभाईचा कारभार’ याचा आजचा अर्थ कोणाचा कोणाला मेळ नसलेला गोंधळ असा झाला आहे. अनेकांनी मिळून चालवलेल्या कामाविषयी भाषेने दिलेला हा निकाल मला अन्यायाचा वाटतो, आणि संचालक मंडळांवर लिहिणाऱ्याने तो जरूर लक्षात ठेवावा.

आणखी एक बारकावा असा, की चौथ्या अहवालाने ‘बोर्ड’ हा शब्द मुद्दाम टाळून ‘गव्हर्निंग बॉडी’ असा व्यापक शब्द वापरला, कारण तो नगरपालिका, निवृत्तिवेतन निधी, ना-नफा संस्था आणि सरकारी उपक्रम यांनाही लागू व्हावा अशी अपेक्षा होती. म्हणून ‘संचालक मंडळ’ न लिहिता आपल्या शिक्षणसंस्थांमध्ये रुळलेले ‘नियामक मंडळ’ लिहावे.

दुसरा प्रतिसाद

मी काही वर्षे जोहान्सबर्गमध्ये लेखापरीक्षणाच्या कामात होतो, त्यामुळे कोशापेक्षा वापराच्या बाजूने लिहितो.

तेथे बैठकींत किंग अहवालाचा उल्लेख झाला, की चर्चा बहुधा एका उभयान्वयी अव्ययावर येऊन थांबे. दुसऱ्या अहवालापर्यंतचे सूत्र ‘पाळा किंवा स्पष्टीकरण द्या’ असे होते. तिसऱ्याने ‘पाळा’च्या जागी ‘अवलंबा’ असे क्रियापद आणले, कारण पाळण्यात मुकाट्याने मान तुकवणे येते आणि अवलंबण्यात स्वतः विचार करणे येते. चौथ्याने ‘किंवा’ काढून ‘आणि’ घातले : तत्त्व अवलंबा आणि ते कसे अवलंबले हेही सांगा. पंचाहत्तर तत्त्वांची सतरा तत्त्वे झाली, पण प्रत्येकाबद्दल बोलणे आले. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सांगतात. येथे ‘किंवा’चा ‘आणि’ झाला आणि नुसत्या खुणा करण्याच्या रकान्यांतून सुटका व्हावी अशी अपेक्षा होती. ती कितपत पूर्ण झाली, हा निराळा प्रश्न आहे. स्टेलनबॉशच्या स्टाइनहॉफ कंपनीचा डोलारा डिसेंबर २०१७ मध्ये कोसळला आणि पुढे झालेल्या चौकशीत बनावट किंवा अनियमित व्यवहारांचा आकडा साडेसहा अब्ज युरोंवर गेला. तेथे मंडळे, समित्या आणि अहवाल यांपैकी कशाचीच वानवा नव्हती.

आपण विचारलेले नाही, परंतु टिपणात ‘स्टेट कॅप्चर’, म्हणजे खासगी हितसंबंधीयांनी राज्ययंत्रणा आतून आपल्या मुठीत घेणे, येणारच. त्याला वृत्तपत्रांच्या सवयीने ‘राज्यावर कब्जा’ म्हणू नये. कब्जा दिसतो, रणगाडे येतात, झेंडा बदलतो. तेथे कायदे, मंत्रालये आणि खुर्च्या जागच्या जागी राहिल्या आणि निर्णय मात्र दुसरीकडे होऊ लागले. तत्कालीन उपअर्थमंत्री मकेबिसी जोनास यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले, की गुप्ता कुटुंबीयांनी आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केले होते. कुटुंबीयांनी ते नाकारले. पण मंत्रिपद खासगी घरात वाटले जाते असा आरोप विश्वासार्ह वाटावा, यातच सगळे आले. यासाठी मराठीत ‘अंकित’ हा सुंदर शब्द आहे : राज्यसंस्था अंकित करून घेणे. या आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती रेमंड झोंडो यांच्या आयोगाने २०१८ पासून जे ऐकून घेतले आणि २०२२ मध्ये अनेक खंडांत लिहिले, ते या ‘अंकित’ शब्दाचेच विवरण आहे. त्यात राजकारण्यांबरोबर सल्लागार कंपन्यांचीही नावे आहेत, म्हणून हा विषय निव्वळ राजकारणाचा नाही.

आता ‘उबुंटू’. दुसऱ्या अहवालापासून ही संकल्पना किंगच्या विवेचनात आहे, १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात ती आहे, आणि १९९५ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करणाऱ्या संविधान न्यायालयाच्या निकालातही आहे. झुलू भाषेत ‘उमुंटू’ म्हणजे माणूस, ‘अबांटू’ म्हणजे माणसे, आणि ‘उबु’ हा भाववाचक उपसर्ग लागून ‘उबुंटू’. म्हणजे घडण थेट आपल्या ‘माणुसकी’सारखी आहे. तरीही ‘माणुसकी’ लिहिताना मी थबकेन. आपली माणुसकी समर्थाने असमर्थाला दाखवायची असते. ती ‘दाखवली’ जाते, ‘उरली नाही’ म्हणून तिच्यासाठी हळहळले जाते. झुलू म्हणीचा आशय मात्र असा, की माणूस माणसांमुळे माणूस होतो. त्यात उपकार नाही, परस्परांवरचे अवलंबन आहे. ‘माणूसपण’ त्याच्या जवळ जाते, पण माझ्या मते ‘उबुंटू’ तसाच ठेवून एकदा समजावून सांगावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा दोघांचेही आभार. ‘अंकित’ मी तत्काळ स्वीकारला आहे. ‘कारभार’विषयी मात्र एक शंका राहते. या शब्दाला आज एक उपहासाचा वास चिकटला आहे. ‘काय कारभार करून ठेवला आहे’ असे आपण पसारा पाहून म्हणतो. शिवाय दैनंदिन व्यवस्थापन आणि त्यावरची देखरेख यांतील जो भेद किंग अहवाल काटेकोरपणे पाळतो, तो ‘कारभार’मध्ये पुसला जाणार नाही काय?

पहिल्या प्रतिसादकाकडून

उपहासाची मला भीती वाटत नाही. शब्द उलटसुलट वापरला जातो याचा अर्थ तो जिवंत आहे. भेदाचा मुद्दा मात्र योग्य आहे. त्यासाठी रोजच्या कामाला ‘व्यवस्थापन’ हा शब्द राखून ठेवावा आणि ‘कारभार’ वरच्या पातळीवर न्यावा.

‘जबाबदारी’चा गुंता याच्याशीच जोडलेला आहे. ‘उत्तरदायित्व’ आणि ‘जबाबदारी’ ही एकाच कल्पनेची संस्कृत आणि फारसी वेशातील रूपे आहेत. दोन्हींचा मूळ अर्थ उत्तर देणे लागणे असाच आहे. पण ‘मुलांची जबाबदारी’, ‘घराची जबाबदारी’ अशा वापरातून तिच्यातला जबाब झिजला आणि भार उरला. म्हणून ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ला ‘जबाबदारी’ ठेवावी आणि ‘अकाउंटेबिलिटी’साठी नामाचा हट्ट सोडून ‘जाब देणे’ हे क्रियापद वापरावे. मंडळ आपले काम समितीकडे किंवा मुख्याधिकाऱ्याकडे सोपवू शकते, परंतु त्या कामाचा जाब मंडळालाच द्यावा लागतो, हा किंग अहवालाचा मुद्दा अशा वाक्यात शाळकरी मुलालाही कळेल.

तिसरा प्रतिसाद

चर्चेत ‘विश्वस्त’ हा शब्द अजून आला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण त्याचे नाते थेट जोहान्सबर्गशी आहे. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की तेथे वकिली करत असताना गीतेतील ‘अपरिग्रह’ आणि ‘समभाव’ या शब्दांनी त्यांना पछाडले होते आणि इंग्रजी कायद्याच्या अभ्यासात भेटलेल्या ‘ट्रस्टी’ या शब्दाचा अर्थ त्यांना तेव्हा नव्याने उलगडला : ट्रस्टीच्या ताब्यात कोट्यवधी असले तरी त्यातली एक पैही त्याची नसते. त्यानंतर त्यांनी आपला विम्याचा करारही सोडून दिला. ‘विश्वस्त’ हे व्याकरणदृष्ट्या भूतकालवाचक धातुसाधित आहे. ज्याच्यावर लोकांनी आधीच विश्वास टाकला आहे तो. संचालकाचे वर्णन करायला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. आपल्याकडे देवस्थानांच्या मंडळांनी तो थोडा मळवला आहे, एवढेच.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

व्याख्येचा मसुदा आता असा झाला आहे : ‘नियामक मंडळाने विश्वस्ताच्या भूमिकेतून नैतिक व परिणामकारक नेतृत्व करणे, जेणेकरून संस्थेत नैतिक संस्कृती रुजेल, तिची कामगिरी चांगली होईल, तिच्यावर परिणामकारक नियंत्रण राहील आणि तिला वैधता लाभेल, याला कंपनीचा कारभार म्हणावे.’

दुसऱ्या प्रतिसादकाकडून

‘विश्वस्ताच्या भूमिकेतून’ हे शब्द मूळ व्याख्येत नाहीत. ते कंसात किंवा विवेचनात घ्यावेत. ‘वैधता’ मात्र चुकीचा आहे आणि तो तसा राहू नये. मरिकाना येथील लॉनमिन कंपनीच्या प्लॅटिनम खाणीजवळ १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात संपावरील ३४ कामगार मारले गेले. खाणकामाच्या हक्काशी जोडलेल्या सामाजिक आराखड्यात कंपनीने कामगारांसाठी ५,५०० घरे बांधण्याचे वचन दिले होते, आणि या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या फार्लम आयोगासमोर निष्पन्न झाले, की त्यांपैकी नमुन्याची तीनच घरे उभी राहिली होती. खाणीचा परवाना वैध होता. नव्हती ती लोकांची मान्यता. जुन्या पत्रांच्या मायन्यात ‘राजमान्य राजश्री’ असे लिहीत. कंपनी नोंदणीने राजमान्य होते. ‘लेजिटिमसी’ला ‘लोकमान्यता’ म्हणावे असे मी सुचवतो, आणि हा शब्द वाचून विद्यार्थ्यांना टिळक आठवले तर त्यालाही माझी हरकत नाही.